मंगळवारचा अहवाल

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस जगात कुणाला असेल, तर ती आमच्या ह्यांना, असं चष्मेवाल्या काकांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यात काही खोटं नव्हतं. दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीत हा माणूस चष्म्याच्या काचा घासायचा आणि मधल्या सुट्टीत त्याच टेबलाचा कोपरा पुसून एका प्रोग्रामची डागडुजी करत बसायचा. साधा मजकूर घातला की प्रोग्राम त्याचे ब्रेलचे ठिपके करून द्यायचा. अगदी फुकट, कुणीही घ्या, कुणीही बदला. कुठलीच काच ज्यांच्या उपयोगाची नाही अशी माणसं दुकानाच्या पायरीवरून परत जायची, ते काकांना बघवत नसे. म्हणून हा उद्योग.

घोडं अडलं होतं ते एकाच जागी. प्रोग्राम संगणकाच्या ज्या भाषेत लिहिला होता, तिची जुनी आवृत्ती खुद्द तिच्या कर्त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडली होती. काका मात्र प्रत्येक गोष्ट दोनदा लिहीत, एकदा नव्या आवृत्तीसाठी आणि एकदा जुन्या आवृत्तीसाठी. या कामात त्यांना दुसऱ्या शहरातल्या एका तरुण प्रोग्रामरची साथ होती. तिला ते धाकटी म्हणत. धाकटीनं गणिताच्या चिन्हांचे ठिपके करणारा भाग लिहून तयार ठेवला होता. तो जुन्या आवृत्तीवर चालेना, म्हणून वर्षभर पडून होता. तिकडे अंध मुलं बीजगणिताच्या पुस्तकांसाठी खोळंबली होती.

"काका, जुन्या आवृत्तीचा आधार काढू या ना आता," धाकटी फोनवर म्हणाली. "इशारा देऊन दीड वर्ष झालं. कुणी चकार शब्द काढलेला नाही."

"बाई आहेत ना."

"एकट्या बाई!"

"एक असलं तरी माणूसच आहे ते."

बाई म्हणजे लांबच्या एका अंधशाळेतल्या शिक्षिका. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलं होतं की आमचा ठिपक्यांचा प्रिंटर जुन्या मशीनवरच चालतो आणि त्या मशीनला जुनीच आवृत्ती लागते, आम्हाला सोडू नका. काकांनी शब्द दिला. तेव्हापासून दर मंगळवारी अकरा वाजता बाईंकडून अहवाल येई: "जुनी आवृत्ती, सर्व ठीक." काका उत्तर टाकत, "पोचलं, बाई." पूर्वी त्यावर बाईंच्या दोन ओळी यायच्या. हल्ली येत नसत. वय झालं असेल, काका म्हणत.

"मग निदान त्यांना विचारा तरी," धाकटी हट्टालाच पेटली. आजचं मरण उद्यावर ढकलता ढकलता काकांनी अखेर शाळेत फोन लावला. बाई कधीच निवृत्त झाल्या, एवढं सांगून तिथून त्यांच्या घरचा नंबर मिळाला. फोन मुलानं उचलला.

"आईला जाऊन दोन वर्षं होतील आता," तो म्हणाला.

"अहो, पण परवा मंगळवारी त्यांचा अहवाल आलाय मला!"

"तो मशीन पाठवतं. वेळ झाली की आपोआप सुरू होतं, ठिपक्यांचं एक पान छापतं आणि तुम्हाला कळवतं. कागद तेवढा मी भरतो."

काकांनी विचारलं, "शाळेत लागतं का ते अजून?"

"छे! शाळेनं सात वर्षांपूर्वीच नवी मशीनं घेतली. जुनं प्रिंटरसकट आईनं घरी आणलं. म्हणायची, तो माणूस इतक्या मायेनं जुनं जपतोय, त्याला एकटं कसं पाडायचं? आमची ही तर त्या खोलीत पाऊल टाकत नाही. माणूस नसलेल्या खोलीतून टकटक ऐकली की तिच्या काळजात धस्स होतं."

त्या आठवड्यात काकांनाही ती टकटक ऐकू यायला लागली. काच घासायचं चाक थांबलं की ते कान देऊन बसत. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांना लाज वाटत होती. शंभर मंगळवार आपण "पोचलं, बाई" म्हणत राहिलो आणि पलीकडे कुणी नाही हे आपल्याला कळू नये? प्रोग्राम उघडला की जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या ओळी समोर येत, आणि प्रत्येक ओळीपाशी बाई उभ्या आहेत असं वाटे. त्या ओळी पुसायच्या म्हणजे बाईंना आपल्या हातानं पुन्हा एकदा मारायचं.

मंगळवारी अकराला अहवाल आला. सर्व ठीक. काकांची बोटं सवयीनं चालली आणि "पोचलं" लिहून थांबली. पुढचा शब्द त्यांना लिहवेना.

दुपारी त्यांनी चारशे बारा ओळी काढून टाकल्या. धाकटी फोनवर ओळी मोजत होती.

"झालं," काका म्हणाले. "दे पोरांना त्यांचं गणित."

मग त्यांनी बाईंच्या मुलाला फोन केला. "मशीन बंद करा आता. मी जुनं सोडलं."

"आईनं बजावून ठेवलं होतं, ते सोडतील तेव्हाच बंद कर, आपण आधी सोडायचं नाही. थांबा, फोन ठेवू नका."

दार करकरलं. मशीनच्या पंख्याची घरघर ऐकू आली. अकरा वर्षं ज्याची खुशाली घेतली, त्याचा आवाज काका पहिल्यांदाच ऐकत होते. घरघर हळूहळू खाली आली आणि थांबली.

"कागद भरायला म्हणून दर सोमवारी या खोलीत यायचो मी," तो म्हणाला. "आता कोणतं निमित्त काढून येऊ?"

त्या माणसाचं निमित्त त्यांनीच पुसलं होतं. "खिडकी उघडायला या," ते कसंबसं म्हणाले. "दोन वर्षं बंदच असेल ना ती?"

"बंदच आहे," मुलगा म्हणाला. "उघडली तर आईचा वास जाईल."