जुईची सकाळची गोळी

हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पेणला आलात तरी एवढ्या गणपतीच्या कारखान्यांतला माझा कुठला, ते तुम्हाला कळायचं नाही.

मी आखणी करतो. म्हणजे मूर्ती रंगवून झाली की शेवटी तिचे डोळे काढायचे — भुवई, पापणी, बुबुळ. हात जरा हलला की मूर्तीची नजरच बिघडते. माझी मुलगी जुई तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेत ही पोरगी पाच मिनिटं एका जागी टिकायची नाही. वही विसरायची, डबा विसरायची, एकदा तर चप्पल विसरून आली — दोन्ही नाही, एकच! बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी, आणि पेपरात मात्र अर्धी पानं कोरी. पण माझ्या शेजारच्या पाटावर बसली, हातात ब्रश घेतला, की काय सांगू तुम्हाला, दोन-दोन तास हलायची नाही. तडा गेलेल्या मूर्ती मी तिच्यासाठी बाजूला ठेवायचो. त्यांच्यावर डोळे काढत बसायची, जिभेचं टोक बाहेर काढून. मधेच म्हणायची, "बाबा, ह्याला जरा झोप आलीय असं काढू?" मी हसायचो. माझ्या दिवसातला तो सगळ्यात चांगला वेळ होता.

शाळेतल्या बाईंनी एक दिवस शुभांगीला, माझ्या बायकोला, बोलावून घेतलं. तक्रार नव्हती, त्यांना काळजी वाटत होती. शुभांगी रोह्याला कंपनीत कामाला. तिथल्याच कुणीतरी तिला मुलांच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. मग आम्ही तिघं रोह्याला चकरा मारू लागलो. मला वाटलेलं, बघतील आणि औषध लिहून देतील. तसं काही नाही झालं. त्यांनी कान तपासायला लावले, झोपेचं विचारलं, एक भलामोठा फॉर्म घरी भरायला दिला आणि तसलाच एक शाळेतल्या बाईंना. दोन्ही जुळवून पाहिले. मग एका दुपारी सांगितलं, जुईला एडीएचडी आहे.

मी भडकलोच. म्हटलं, जी पोरगी माझ्याजवळ दोन तास मान वर करत नाही, तिला लक्ष नाही म्हणता? डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "लक्ष नाही असं नाही हो. लक्ष आहे, पण ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं हे तिच्या हातात नाही. रंगात ते आपसूक लागतं, गणितात लावून लागत नाही. ती मुद्दाम करत नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही." मला ते कळलं. अगदी लख्ख कळलं — कारण लहानपणी मीही असाच होतो, आणि शाळेत छड्या खाऊन खाऊन शेवटी दहावीत सुटलो. पण कळलं म्हणून मी मानलं का? परतीच्या गाडीत जुई खिडकीला नाक लावून निडी आलं, मग पुढचं, असं एकेक स्टेशन ओरडत होती आणि शुभांगी पदराने डोळे पुसत होती. मला म्हणाली, "उगाच मारलं हो मी तिला."

उपाय बरेच होते. वर्गात पहिल्या बाकावर बसवायचं, अभ्यास तुकड्या-तुकड्यांनी द्यायचा, भिंतीवर दिवसाचा तक्ता लावायचा. आम्हा दोघांनाही शिकवणी होती — ओरडायचं कधी नाही आणि शाबासकी द्यायची कधी. आणि रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी. शुभांगी उजाडायच्या सुमारास घर सोडते. म्हणून गोळीचं काम माझ्याकडे आलं. तक्त्यावर गोळीसमोर बरोबरची खूण जुई स्वतः करायची. तिला त्याची भारी हौस.

पहिले दहा दिवस मी इमानाने गोळी दिली.

आता येतो बघा तिथे. तुम्हाला वाटेल, गोळीने काही त्रास झाला असेल. जेवण थोडं कमी झालं होतं, हे खरं. आई रोज कुरकुरत होती — "कोवल्या पोरीला गोल्या चारतोस? येडी हाय का काय ती?" — हेही खरं. पण त्यासाठी नाही. डॉक्टरबाईंनी जेवणाचं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आईचं म्हणणं मी आयुष्यात कधी ऐकलंय? गोळी लागू पडली होती, हे खरं कारण. जुई एका बैठकीत गणितं सोडवू लागली. एक दिवस शाळेतून आली ती उड्या मारतच. म्हणाली, "बाबा, आज डोक्यात एकच आवाज होता. बाईंचा!" आधी ज्या पोरी तिला खेळायला घेत नव्हत्या, त्या हाक मारायला दाराशी येऊ लागल्या. जुई कारखान्यात नुसती डोकवायची, माझ्या पाठीवर थाप मारायची, आणि पळायची. पाट रिकामा.

बाप म्हणून मी खूश व्हायला हवं होतं की नाही? मला राग आला. माझी जुई कुणीतरी पळवली असं वाटलं. ती साऱ्या जगाला नकोशी होती तोवर ती माझी होती. लाज वाटते लिहायला, पण हेच होतं. अकराव्या दिवशी मी तिला जीवनसत्त्वाची पांढरी गोळी दिली आणि खरी खिशात टाकली. तिने पाण्यासोबत गिळली आणि तक्त्यावर खूण केली.

खरी गोळी कचऱ्यात टाकवेना. औषध आहे, पोरीचं आहे. मूर्ती आतून पोकळ असते. साच्यातून काढलेल्या ओल्या शाडूत, आतल्या बाजूला, मी ती अंगठ्याने दाबली आणि वरून माती सारखी केली. मनात म्हणालो, तूच बघ बाबा तिच्याकडे. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोज. पुढे गणपतीत त्या मूर्ती लोकांच्या घरी गेल्या, आरत्या झाल्या, विसर्जन झालं. जुई आठवड्याभरात परत पाटावर आली. आणि मी — तोंड वर करून सांगतो — सुखात होतो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी रोज जाते ना? मी हो म्हणालो. सुरुवातीला फरक वाटला, आता नाही, असंही म्हणालो. त्या बिचाऱ्या विचारात पडल्या, त्यांनी डोस वाढवला. शुभांगी सुट्टीच्या दिवशी दोन-दोन तास तिच्यासोबत वहीवर बसायची आणि शेवटी दोघी रडायच्या. पोरी पुन्हा हाक मारेनाशा झाल्या. सहा महिने मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मला थांबवणारं कोण होतं?

मग एका दुपारी जुई चाचणीचा पेपर घेऊन आली. अर्धा कोरा. पाटावर बसली, पण ब्रश घेईना. मी एका मोठ्या मूर्तीच्या डाव्या डोळ्यावर होतो. ती हळूच म्हणाली, "बाबा, गोळी माझ्यावर चालत नाय ना? मी एकपण दिवस सोडली नाय. म्हंजे माझं डोकंच खराब हाय." रडली नाही. आज पाऊस पडेल असं सांगावं तशी म्हणाली.

मी काय केलं असेल? ब्रश खाली ठेवला? तिला जवळ घेतलं? नाही. मी तो डोळा पुरा केला. हात जराही हलला नाही. आजवर काढलेल्या डोळ्यांत तो सगळ्यात सुबक असेल. मग म्हणालो, "चालेल गो, धीर धर." बस, एवढंच. सांगायची तीच वेळ होती, आणि मी ती घालवली.

दुसऱ्या दिवसापासून खरी गोळी दिली. वाढवलेला डोस एकदम द्यायची भीती वाटली, म्हणून डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं की पोरगी काहीच खात नाही, पहिलाच डोस बरा होता. तेही खोटंच. त्यांनी तो पुन्हा सुरू केला. हळूहळू पोरीचं गाडं रुळावर आलं. गणपतीत पाहुण्यांनी घर भरलेलं असताना शुभांगीने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं — "ह्यांनी एक दिवस गोळी चुकवली नाही, म्हणून झालं." सगळे माझ्याकडे बघत होते. मी मोदक खाल्ला.

जुई आता तेरा वर्षांची आहे. कारखान्यात येते ती मनात असेल तेव्हा, आणि आखणी करते ती माझ्याहून बरी. गेल्या महिन्यात शुभांगीच्या कंपनीतली एक मैत्रीण रोह्याहून तिच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. त्या मुलीला नुकतंच हेच निघालंय. जुईने तिला पाटावर बसवलं, ब्रश दिला आणि अगदी मोठ्या बहिणीसारखी समजावू लागली. "घाबरू नको गो. लगेच नाय चालली तरी सोडायची नाय. माझ्यावर तर सहा महिने चाललीच नव्हती. माझं डोकं जरा जास्तच हट्टी, डॉक्टरपण चक्रावले. पण मी रोज घेतली, आणि बाबा रोज द्यायचे." असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली.

मी मान हलवली. हो म्हणालो.