टॉवेल मास्तर

आमच्या घाटकोपरच्या टेकडीवर अजून काही लोक सरांचा विषय निघाला की ‘टॉवेल मास्तर’ म्हणतात आणि खिदळतात. माझ्यासमोर म्हणून बघा एकदा! मी त्यांच्याकडे बॉक्सिंग शिकले. आता विम्याच्या ऑफिसात बसते, पण हात अजून चालतो.

आणि काय हो, मास्तर म्हटलं म्हणून सरांना तमाशाचं वावडं होतं असं वाटतं का तुम्हाला? अख्ख्या वस्तीत एवढा नखरेल माणूस नव्हता. साठी उलटली तरी रिंगमध्ये वाकून शिरणार नाहीत, वरच्या दोरीला हात टेकून उडीच मारणार. केसांना चपचपीत तेल, पांढरे शुभ्र बूट, गळ्यात निळा रुमाल. जयंतीच्या मिरवणुकीत बँजोपुढे हवेत ठोसे मारत निघायचे, तेव्हा बायका गॅलरीतून शिट्ट्या घालायच्या. “लोक बघायला येतात, त्यांना मजा नको?” म्हणायचे. “पण नखरा आपल्या जिवावर करायचा गं. समोरच्याच्या अब्रूवर नाही.”

विहारामागच्या त्यांच्या हॉलमध्ये एक रीत होती. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे ग्लोव्हज सोडायचे, स्वतःच्या हाताने, एकेक नाडी उकलत. माझी पहिली लढत मुलुंडच्या एका मुलीशी झाली. मी जिंकले आणि हात वर करून रिंगभर नाचत सुटले. सर ओरडले, “ए भांडकुदळ! घंटा झाली ना? मग माणूस हो आता. आधी तिचे ग्लोव्हज सोड, मग काय नाचायचं ते नाच.” मी नाड्या सोडत होते आणि ती पोरगी खांद्याला डोळे पुसत होती. नंतर कसला नाच आणि कसलं काय. जिंकल्यावर जे बघायचं नसतं, नेमकं तेच सर बघायला लावायचे.

सुहास त्यांचा पट्टशिष्य. काय हात होता त्याचा, सुटलेला दिसायचा नाही! अंधेरीत एका लग्नाच्या हॉलमध्ये धूर, लाइट आणि डीजे लावून लढती भरवणारा एक आयोजक त्याला भेटला. “जिंकलास की पुढच्या शोच्या पोस्टरवर तू. फक्त जरा तमाशा कर ना यार, पब्लिकला तेच लागतं.” समोर होता मढचा जोसेफ, बापाबरोबर होडीवर जाणारा. लढतीआधी वजन करताना कॅमेऱ्यासमोर सुहासने नाक दाबलं आणि म्हणाला, “माशांचा वास येतोय कुठून?” सगळे हसले. सर म्हणाले, “माफी माग त्याची.” तर हा म्हणतो, “शो आहे हा, सर.”

लढतीच्या दिवशी मी बादली घेऊन सरांबरोबर सुहासच्या कोपऱ्यात होते. दुसऱ्या राउंडमध्ये जोसेफच्या कानशिलावर एक ठोसा बसला आणि उभ्या उभ्याच त्याची शुद्ध गेली. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. पाय वेडेवाकडे पडत होते. रेफ्रीने थांबवायला नको? पण आयोजक खालून हात फिरवत होता, चालू दे, चालू दे. जोसेफच्या कोपऱ्यात आयोजकानेच बसवलेला कोणीतरी होता, तो मोबाइलवर शूटिंग करत होता. आणि आमचा हा शहाणा हात खाली सोडून, नाक दाबून त्याच्याभोवती नाचत होता आणि मधूनच एखादा ठेवून देत होता. सर रेफ्रीवर ओरडले, मग सुहासवर. “बस कर! संपलंय ते!” ढिम्म. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि रिंगमध्ये भिरकावला.

टॉवेल टाकला की त्या कोपऱ्याने हार मानली, हा नियम आहे. जिंकत आलेल्या पोराची हार त्याच्याच गुरूने मानली. हॉलमधून बाटल्या आल्या. सुहास सरांच्या पायाशी थुंकला आणि निघून गेला. सरांनी जोसेफला स्टुलावर बसवलं आणि स्वतः त्याच्या नाड्या सोडल्या. हॉस्पिटलात कळलं, डोक्यात रक्तस्राव झाला होता. वेळेवर आणलं म्हणून वाचला.

पण व्हिडिओ फिरला तो टॉवेलचा. आईबापांनी पोरं काढून घेतली, म्हणे हे सर जिंकूच देत नाहीत. लाज वाटायला हवी होती! सरांचा हॉल झुंबावाल्यांकडे गेला. मी म्हटलं, “सर, एकदा सांगून टाका ना लोकांना खरं काय ते.” ते म्हणाले, “कशाला? जोसेफ काल पापलेट देऊन गेला. मस्त होतं.”

यंदा सर गेले. पुण्यानुमोदनाला सुहास आला, बरोबर कॅमेरावाला घेऊन. आता त्याची अंधेरीत जिम आहे. माइक धरून, गळा काढून म्हणाला, “सरांनी मला एकच शिकवलं. हार कधी मानायची नाही.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी उठून माइक हिसकावला. “खोटं बोलतोय हा! सरांनी याची हार मानली, म्हणून एक पोरगा जिवंत आहे आणि हा तुरुंगाबाहेर आहे. ए, शूटिंग बंद करू नकोस. हेही टाक!”

सुहासची मान खाली गेली. मागून जोसेफ उठला. बोलताना त्याची जीभ अजून जरा अडखळते. “जाऊ दे ना, ताई,” म्हणाला. मग त्याने सुहासचा हात धरला. “चल रे. सरांना फूल वाहू.”

सरांकडे एक दिवसही न शिकलेला तो पोरगा त्यांच्या पट्टशिष्याला हाताला धरून फोटोपाशी घेऊन गेला. मी तिथेच उभी राहून ढसाढसा रडले, आणि खरं सांगते, ते रागानेच.