ओटिलियाच्या चुलीचा विस्तव

ओटिलियाच्या घरातला विस्तव लग्न झाल्यापासून विझला नव्हता, आणि याचा तिला कोण अभिमान. खाणकामगारांच्या त्या वस्तीत नवरा पाळी संपवून वर येईपर्यंत बायका चूल विझू द्यायच्या नाहीत. तिचा नवरा आलोइझ वारला तरी तिने नेम सोडला नाही. तळघर खाणीकडून त्याच्या वाट्याला आलेल्या कोळशाने भरलेलं होतंच.

नगरपालिकेची हालिना येऊन समजावून गेली, की कोळशाची चूल काढा, हवेतली ऊब ओढून घर तापवणारा पंप बसवा, धुरातल्या कार्बनमुळे जग तापतंय.

"जग तापतंय, मग माझे गुडघे का गारठतात?" ओटिलियाने तिला वाटेला लावलं.

बाई हट्टी खरी. दर शनिवारी खिडक्या घासायची आणि काजळीबद्दल अख्ख्या वस्तीला शिव्या घालायची. स्वतःचं धुराडं तेवढं सोवळं.

समोरच्या बिऱ्हाडात तिचा दीर एंगेलबर्ट राहायचा. खाणीतल्या धुळीने त्याची छाती गेलेली. दर रविवारी तो पत्ते खेळायला यायचा आणि आलोइझच्या खोड्या सांगून तिला हसवायचा. त्या खोड्या आठवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. यंदा थंडीच्या तोंडावर त्याने बॅग भरली. जर्मनीतली मुलगी कायमची बोलावतेय म्हणाला.

ओटिलिया उकडलेले बटाट्याचे गोळे घेऊन त्याच्याकडे गेली. खिडकीच्या फटीत त्याने ओले टॉवेल कोंबले होते, आणि ते काळेकुट्ट झाले होते. खिडकीसमोर तिचंच धुराडं होतं.

"भावजी, यामुळे निघालात?"

"डॉक्टर म्हणतात, या धुरात हिवाळा काढू नका."

"मग मला बोलला का नाहीत?"

"वहिनी, तो दादाचा विस्तव. विझवा म्हणायला मी कोण?"

तिने फटीतला एक काळा टॉवेल ओढून काढला. "भाऊ खोकतोय आणि बायको चूल मिरवतेय. वर गेल्यावर त्यांना काय तोंड दाखवू मी? आठ दिवस थांबा."

खाणकामगारांच्या संत बार्बराच्या सणाला तिने चुलीत कोळसा घातला नाही. निखारे राखाडी होईस्तोवर शेजारी बसून ती रडली. मग डोळे पुसून हालिनाला फोन केला आणि उशीर केल्याबद्दल वर तिलाच झापलं.

पंप बसला. विजेच्या शेगडीवरच्या पहिल्या गोळ्यांची पार खीर झाली, ती एंगेलबर्टने मुकाट्याने खाल्ली. बॅग मात्र दाराशीच होती. त्यानंतर ओटिलियाने शेजारणींचा पिच्छा पुरवला. दोघींनी चुली काढल्या, तिसरी अजून तोंड चुकवते.

जानेवारीतल्या एका शनिवारी खिडक्या धुऊन झाल्या, तरी बादलीतलं पाणी जवळजवळ नितळच होतं. ती त्याकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात समोरची खिडकी उघडली.

"वहिनी," एंगेलबर्ट म्हणाला, "बॅग माळ्यावर टाकलीय. उद्या पत्ते पिसून ठेवा."