लोवेल ह्रुस्काने बघितलेला एकच चेंडू

लोवेल ह्रुस्काचं तोंड बंद असलेलं ऑस्बर्न गावात कुणी बघितलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी तर नाहीच नाही. दिवसभर तो मेन स्ट्रीटवरच्या दुकानात भिंतीचे रंग मिसळून देई आणि रंग ढवळता ढवळता गिऱ्हाइकाला बेसबॉल सांगे. माणूस स्वयंपाकघरासाठी पिवळा रंग न्यायला यायचा आणि डोकं बेसबॉलने भरून, रंग दुकानातच विसरून घरी जायचा.

गावाचा संघ म्हणजे ऑस्बर्न हेरॉन्स. हेरॉन म्हणजे बगळा, आणि मंडळी खेळायचीही तशीच. एका पायावर उभं राहून मासा आपणहून येण्याची वाट बघत. व्यावसायिक बेसबॉलच्या शिडीवरची ही खालून दुसरी पायरी. मोठ्या शहरातला मोठा संघ आपली कच्ची पोरं इथे पाठवायचा. ती रात्र रात्र बसमधून हिंडायची, पावाला शेंगदाण्याचं लोणी लावून खायची, आणि शंभरातला एखादा वर जायचा. बाकीचे आपापल्या गावी जाऊन मोटारी विकायचे.

पण लोवेलला विचारा! त्याच्या लेखी यातला प्रत्येक जण अवतारी पुरुष होता. "गोल दांडकं," तो म्हणायचा, "आणि गोल चेंडू. तो येतो कसा, तर डोळ्याची पापणी लवते ना, तेवढ्यात. वाटेत वळतो पण मेला! आणि याला मारायचं? अरे, दहातले सात वेळा चुकणारा माणूस इथे देव मानतात. मी दहातले सात डबे चुकीचे मिसळले तर मालक मला देव मानेल का?" यावर गिऱ्हाइकाला हसू यायचं. लोवेलच्या डोळ्यांत मात्र देवळात शिरताना असतो तसला भाव असायचा. आठव्या वर्षी बापाच्या खांद्यावरून त्याने पहिला सामना बघितला, तेव्हापासून तो भाव तिथे मुक्कामाला होता.

आयुष्यात त्याला एकच गोष्ट बघायची राहिली होती. एखादा पिचर नऊच्या नऊ डाव चेंडू टाकतो आणि समोरच्या संघाला एकही फटका साधत नाही, म्हणजे चेंडू मारून कुणालाच पहिला बेस, धावेचा पहिला टप्पा, गाठता येत नाही, ती गोष्ट. तिला नाव आहे, पण ती चालू असताना ते नाव कुणी काढायचं नाही. हा बेसबॉलचा सगळ्यात जुना नियम, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही. सोबतचे खेळाडू त्या पिचरशी बोलत नाहीत, त्याच्या शेजारी बसत नाहीत. प्रेक्षक आकाशाकडे बघतात, हवामानावर बोलतात. कुणी चुकून ते नाव काढलंच, की माशी शिंकलीच म्हणून समजा.

ऑस्बर्नच्या मैदानावर ती माशी लोवेलच्या तोंडातून शिंकली होती. तरुणपणी, आठव्या डावात, उत्साहाच्या भरात तो बाकावर उभा राहिला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "लोकहो, अजून एकही फटका नाही!" पुढचाच चेंडू दांडक्यावर बसून मधल्या मैदानात टप्पा खाऊन पडला. तेव्हापासून लोवेल पांढऱ्या पायाचा ठरला. त्याच्या लग्नातसुद्धा पाद्री म्हणाले होते, "लोवेल, तू फक्त 'होय' म्हण. पुढे काही बोलू नकोस."

"थोतांड आहे सगळं," लोवेल म्हणायचा. "चेंडूला कान असतात का?"

तर त्या ऑगस्टात लोवेलच्या माडीवर फाउस्तो पेगेरो राहत होता. पोरांना तुटपुंजा पगार, म्हणून गावातली घरं एकेकाला उन्हाळाभर ठेवून घेत. लोवेल आणि त्याची बायको आर्लीन यांनी अशी कितीतरी पोरं जेवू घातली होती. त्यातली दोन वरपर्यंत पोचली, आणि ती टीव्हीवर दिसली की आर्लीन अजून पडद्याला विचारते, "जेवलास का रे?" फाउस्तो डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा. उंच, अबोल, आणि तेवीस वर्षांचा. या पायरीवर तेवीस म्हणजे म्हातारा. तो लोवेलला 'विएहो' म्हणायचा, त्याच्या भाषेत म्हातारबा.

शुक्रवारी संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर बसला आणि मक्याच्या कणसाला हातच लावेना.

"काय झालं?" आर्लीनने विचारलं.

"मॅनेजरने बोलावलं होतं," फाउस्तो म्हणाला. "रविवारी शेवटची संधी. वरून माणूस येणार आहे बघायला. चेंडू नीट पडले तर ठीक. नाहीतर सोमवारी घरी."

लोवेलने तोंड उघडलं. आर्लीनने त्यात तिथल्या तिथे कणीस घातलं.

रविवारी दुपारी असं ऊन होतं की नदीसुद्धा सावली शोधत असावी. लोवेल आपल्या नेहमीच्या जागी, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागे, छपराखाली. एका बाजूला आर्लीन, दुसऱ्या बाजूला मर्ल स्टॉट. मर्ल गावातला अंत्यविधीवाला. आयुष्यभर रडणाऱ्यांच्या घरी हळू आवाजात बोलून त्याचा आवाजच तसा झालेला. तो "मोहरीची चटणी दे" म्हणाला तरी माणसाला वाटायचं, आपलं कुणीतरी गेलं.

पहिले दोन डाव फाउस्तो चाचपडला. चेंडू इकडे, चेंडू तिकडे, दोघांना फटका न मारताच फुकट बेसवर पाठवलं. लोवेलची टकळी चालूच होती. "खांदा सैल सोड रे! अंपायर, चष्मा घरी राहिला का? थांबा, आर्लीनचा देतो!" तिसऱ्या डावाला त्याला भूक लागली. तो पायऱ्या उतरून स्टँडच्या मागे डोरीनच्या गाडीवर सॉसेज आणायला गेला. रांग लांब होती. तो परत येतो तो समोरचे तिघं बाद होऊन बगळ्यांची फलंदाजी सुरू झालेली.

चौथ्या डावात लोवेल जागेवर होता. पहिल्याच फलंदाजाने असा सणसणीत हाणला की चेंडू कुंपणापाशी गेला. आमच्या पोराने कुंपणावर पाय देऊन तो कसाबसा हवेतून खुडला. मर्लने सावकाश मान वळवून लोवेलकडे बघितलं.

"लोवेल, मोहरी संपलीय."

"ही काय, भरलेली बाटली आहे."

"ती नाही. तिखट मोहरी."

लोवेल गेला. मागे जाऊन बाटली हातात घेतो न घेतो तोच उरलेले दोघं बाद. पाचव्यात डोरीनने सुट्टे मोडायला वेळ लावला, तिकडे तिघं बाद. फाउस्तोचा चेंडू आता कॅचरच्या हातमोज्यात असा वाजत होता, जणू कुणी ओली चादर भिंतीवर आपटतंय.

सहावा डाव सुरू व्हायच्या आधी मर्ल खाकरला.

"लोवेल, तुला लघवीला लागलीय."

"नाही लागली."

"लागलीय, लोवेल."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जोरात लागलीय." त्याच्याही मागून आवाज आला, "पंधरा मिनिटं लागतील तुला."

लोवेलने धावफलकाकडे बघितलं. समोरच्या संघाच्या फटक्यांच्या रकान्यात पूज्य होतं.  आजवर ज्याची वाट बघितली ती गोष्ट समोर, भर उन्हात, आपल्याच घरी जेवणाऱ्या पोराच्या हातून घडायला लागली होती, आणि हे लोक त्याला मुतारीत पाठवत होते!

"हे थोतांड आहे," तो म्हणाला. "चेंडूला कान..."

"शू!" पन्नास माणसं एकदम.

"आर्लीन, तू तरी सांग यांना."

आर्लीन मैदानाकडे बघत होती. फाउस्तो बाकाच्या टोकाला एकटाच बसला होता. वाळीत टाकलेल्या माणसाच्या बाजूला मोकळी जागा असते, तेवढी त्याच्या बाजूला होती.

"मला माहितीय, थोतांड आहे," ती हळूच म्हणाली. "पण पोराची उद्या घरी जायची वेळ आलीय. आणि खरं नसलं तरी, लोवेल, न जाणो."

या 'न जाणो'पुढे मोठमोठे पंडित हरलेत, तिथे लोवेलचं काय! तो उठला.

मग एक विचित्र येरझार सुरू झाली. बगळे फलंदाजी करत तोवर लोवेल आत. फाउस्तो चेंडू हातात घेऊन मैदानात निघाला, की रांगेतले पाय बाजूला होत, टोप्या उतरत, आणि लोवेल बाहेर. मर्लच्या मागून शवपेटीलासुद्धा इतक्या आदराने वाट मिळत नसेल.

स्टँडच्या मागे लोखंडी खांब, कांद्याचा खमंग धूर आणि डोरीन. डोरीन तिथे वर्षानुवर्षं सॉसेज परतत होती. खेळाशी तिचं देणंघेणं नव्हतं.

"भांडलास का बायकोशी?" तिने विचारलं.

"नाही. माझ्यामुळे चेंडू मारला जातो म्हणतात."

"बरंय. आमच्या ह्यांच्यामुळे दूध उतू जातं." तिने कांदा उलटला. "काय चाललंय तरी आत? गिऱ्हाईकच नाही. मेलं की काय सगळं?"

 लोवेल कानात प्राण आणून ऐकत होता. आणि हळूहळू त्याला कळलं की ऐकू येतंय. सगळं! चपटा, ओला 'थाप्प' म्हणजे सरळ वेगाचा. त्याच्या मागून अंपायरची डरकाळी. 'पुक' असा मऊ आवाज म्हणजे वळणारा, फलंदाज हवेत दांडकं फिरवून तोंडघशी. लाकडाचा कोरडा टणत्कार, पायांची धावपळ, पहिल्या बेसवरच्या हातमोज्याचा चट्. बाद. मध्ये मध्ये काहीच नाही. तीन हजार माणसं आणि हूं की चूं नाही. ती शांतता लोखंडी खांबांतून त्याच्या तळहातांत उतरत होती. आयुष्यभर तो या मैदानावर बडबडत आला होता. बडबडीखाली इतकं सगळं वाजतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

आठवा डाव गेला. बगळे दोन धावांनी पुढे होते. नववा लागला.

पहिल्याला थाप्प, थाप्प, पुक. गेला. डोरीनने हातातलं उलथणं खाली ठेवलं. दुसऱ्याचा चेंडू जमिनीवरून घसटत गेला. धाव, धाव, चट्. गेला.

लोवेलच्या समोर चार पायऱ्या होत्या. वर उजेडाचा चौकोन. त्या चार पायऱ्या चढल्या की मैदान, ऊन, आणि ती गोष्ट. पुन्हा या जन्मात दिसायची नाही अशी. मर्लची आणि सगळ्यांची पाठ होती. कुणाला कळणारही नव्हतं. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

टण्! वाकडा, रेषेबाहेर गेला असावा, कारण ओरडा झाला नाही. टण्! पुन्हा वाकडा. हा फलंदाज चिवट होता. टण्!

लोवेलच्या डोळ्यांपुढे शुक्रवारचं टेबल आलं, न खाल्लेलं कणीस आलं. 'चेंडूला कान नसतात,' तो मनाशी म्हणाला. 'नसतातच. शंभर टक्के नसतात.' आणि त्याने पाय मागे घेतला.

"जा की," डोरीन म्हणाली. "मी नाही सांगत कुणाला."

लोवेलने तोंडावर बोट ठेवलं. डोरीन नंतर वर्षभर गावाला सांगत होती: लोवेल ह्रुस्काने. तोंडावर. बोट. स्वतःच्या!

मग पुन्हा टण् झालं, पण हा आवाज वेगळा होता. जरा बसका, दांडक्याच्या वरच्या कडेचा. लोवेलने नकळत वर बघितलं.

स्टँडच्या छपराच्या कडेवरून चेंडू वर आला. सरळ वर, आणखी वर, निळ्या आभाळात, इतका उंच की आता हा खाली यायचा बेत रद्द करतो की काय असं वाटावं. टोकाला पोचला आणि थांबला. निदान लोवेल तरी शपथेवर सांगतो, थांबला. फिरत नव्हता, पडत नव्हता, कुणाच्या बाजूचा नव्हता. खाली तीन हजार माणसांनी श्वास धरला होता, आणि कांद्याच्या धुरात उभा असलेला एक रंगवाला तोंड उघडं टाकून, एक शब्द न बोलता, वर बघत होता.

मग चेंडू खाली निघाला, आणि छपराने तो गिळला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. त्या थोड्या वेळात लोवेलने आठवतील तेवढे देव पाण्यात घातले, त्यात काही त्याच्या चर्चमधले नव्हते.

आणि मग स्टँड कोसळल्यासारखा आवाज आला. धूळ झडली, डोरीनच्या बाटल्या नाचल्या, आणि डोरीन लोवेलच्या गळ्यात पडून रडायला लागली. "काय झालं रे? मला सांग तरी, काय झालं!"

संध्याकाळी फाउस्तो घरी आला तो दाढीच्या साबणाने माखलेला. सोबत्यांनी हौस फेडून घेतली होती. वरून आलेल्या माणसाने हात मिळवला होता आणि सोमवारी बसचं तिकीट होतंच. फक्त ते घरचं नव्हतं, वरच्या पायरीवरच्या संघाच्या गावचं होतं. आर्लीन हसत होती, डोळे पुसत होती आणि एकीकडे त्याचे शर्ट घड्या करून पेटीत भरत होती.

फाउस्तोने एकामागून एक चार कणसं संपवली. मग म्हणाला, "विएहो, तुम्ही कुठे होता? मी वर बघायचो तर खुर्ची रिकामी. आवाज पण नाही. वाटलं, आजारी पडलात."

लोवेलने खाल मानेने सगळं सांगितलं. मोहरी, लघवी, सॉसेजची गाडी.

फाउस्तो हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. "आमच्याकडे माझी आजी! रेडिओवर सामना लागला की तिला अंगणात पाठवायचे. ती दारात आली की आम्ही हरायचो. बिचारी कोंबड्यांशी बोलत बसायची." मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे तुम्ही काहीच बघितलं नाही?"

"एक चेंडू बघितला."

"कुठला?"

"शेवटचा. छपरावर आला होता ना, तेव्हा."

फाउस्तोने कणीस खाली ठेवलं. आजूबाजूला बघितलं, आणि आवाज उतरवून म्हणाला, "कुणाला सांगू नका. तो वर गेला आणि मी डोळे मिटून घेतले. मला बघवेना. ओरडा झाला तेव्हा उघडले." तो टेबलावर पुढे वाकला. "कसा दिसत होता, विएहो?"

आर्लीनने हातातला शर्ट तसाच धरला. आता हा रात्रभर थांबत नाही, असं तिला वाटलं.

लोवेलने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"पांढरा होता," तो म्हणाला. आणि थांबला. दुकानात त्याने आजवर किती तऱ्हेचे पांढरे मिसळले होते. हस्तिदंती, सायीचा, अंड्याच्या कवचाचा, चुन्याचा. एकेक त्याने मनातल्या मनात उघडून बघितला आणि झाकण लावून ठेवून दिला. फाउस्तो वाट बघत होता. स्वयंपाकघरात घड्याळ वाजत होतं, आणि लोवेल ह्रुस्का अजून शोधत होता.