घट्ट साबण आणि रोडग्यांची पंगत

माझ्या साडूंच्या संत्र्याच्या बागेवर कधी कीड पडली नाही, आणि हे दुःख मला बी.ए. होऊनही पचवता आले नाही.

आम्हा दोघा जावयांना सासऱ्यांनी एकाच रोपवाटिकेतली कलमे एकाच दिवशी दिली होती. साडूंची मोर्शीकडे लागली, माझी चांदूर बाजारकडे. साडू मॅट्रिकला बसले आणि तसेच उठून आले. मी मात्र आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील स्वतः अंगठा उठवत, पण मला त्यांनी अमरावतीच्या कॉलेजात धाडले. आजही जेवायला बसताना मी त्यांची आठवण काढतो. सासरीसुद्धा ‘शिकलेले जावई’ म्हटले की मीच. पण झाडांना हे कोणी सांगायचे? साडूंची झाडे नुकती न्हाऊन आल्यासारखी चकचकीत आणि माझ्या झाडांवर कोळशी! (काळी माशी पानांतला रस शोषते, तिचा गोड चिकटा खाली सांडतो आणि त्यावर काजळी धरते. माझी संत्री वीटभट्टीवर राबून आल्यासारखी दिसत.) साडू बागेत आले की एक पान चोळायचे, बोटाची काजळी न्याहाळायचे आणि माझ्याच उपरण्याला पुसायचे.

त्या वर्षी धाकट्या मेहुणीचे, कुसुमचे, अकोल्याच्या एका घरी जमत आले होते. मुलगी पसंत होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. त्याआधी पाहुण्यांना बागेत रोडगे खाऊ घालायचे ठरले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. दोन्ही घरे माळकरी, त्यामुळे बेताला अडचण नव्हती. सासरे म्हणाले, जेवण मोर्शीच्या बागेत होऊ द्या. ते ऐकून माझ्या पोटात असा काही विस्तव पडला की त्यावर रोडगे भाजता आले असते. मी बोलून गेलो, जेवण माझ्याच बागेत होईल.

साडू गालात हसले. “पाहुन्यायले काजळी लावून वापस पाठोता काय, साडूभाऊ?”

सगळे हसले. सासरेही हसले, ते जास्त लागले.

ब्लॉकमधल्या शेतकी अधिकाऱ्यांनी कोळशीवर मासळीच्या तेलाचा साबण सांगितला. पुष्कळ पाण्यात पातळ करा आणि पाहुणे यायच्या बऱ्याच आधी फवारा, असे त्यांनी मला दोनदा बजावले. मी विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. पण साबण हाती पडेपर्यंत जेवण उद्यावर आले. मग मी विचार केला : पातळ साबण हळूहळू पाने धुतो, म्हणजे घट्ट साबण एका दिवसात धुणार! (तर्कशास्त्रात मला चांगले गुण होते.) पिठल्याइतका घट्ट साबण कालवला आणि बागभर फवारून घरी आलो.

बायकोने दारातच नाकाला पदर लावला.

“आवो, बाबा उद्या माळ घालून येऊन राह्यले, अन् तुमी झाडायले मासोळीचं तेल काहून लावलं?”

मी म्हणालो, सकाळपर्यंत वास उडून जातो. तिने विचारले, कोनं सांगतलं? कोणीच सांगितले नव्हते.

सकाळी जाऊन पाहतो तो पाने खरोखर लखलखत होती! साडूंच्या झाडांनी लाजून मान खाली घालावी अशी. मग माझी नजर बुंध्यांकडे गेली. गावातली यच्चयावत मांजरे तिथे जमली होती आणि झाडाखाली बसून, कीर्तन ऐकावे तशी, वर बघत होती.

पाहुणे आले. पंगत बसली. गोवऱ्यांच्या धुरात तो वास असा मिसळला की बागेत कुणीतरी मरळ मासा भाजायला घातला आहे, असे कोणीही शपथेवर सांगितले असते. ऊन चढले, पानांवरचा साबण पाझरला आणि पहिला थेंब नेमका मुलाच्या वडिलांच्या पांढऱ्या टोपीवर पडला. पाठोपाठ एक बोका त्यांच्या खांद्यावर चढला आणि टोपी चाटू लागला.

साडूंनी सासऱ्यांना अगदी मऊ आवाजात विचारले, “मामाजी, भाजी वांग्याचीच हाय न?”

मुलाच्या वडिलांनी एका हाताने तुळशीची माळ धरली आणि दुसऱ्याने पत्रावळ बाजूला सारली. सासरे माझ्याकडे वळले.

“जावईबुवा, खरं सांगा. माह्या पोरीच्या घरात मासोळी शिजते काय?”

पदवीधराच्या थाटात खुलासा करायला मी वळलो. कुसुम वरणाचे भांडे घेऊन मध्येच थांबली होती. तिचा चेहरा पाहिला आणि साडू, त्यांची बाग, माझी बाग, सगळे डोक्यातून गेले. ह्या पोरीची सुपारी मी बुडवली, एवढेच कळले.

तेवढ्यात नवरा मुलगा उठला. आल्यापासून तो मान वर करत नव्हता. त्याने एक पान तोडले, चोळले, हुंगले आणि त्याला हसू आवरेना.

“बाबा, बसा. हे कोळशीचं औषध हाय. आमाले कॉलेजात हेच शिकोलं. यायनं फक्त पानी टाकलं नाई.”

मुलगा शेतकीचा पदवीधर आहे, हे मला तेव्हा कळले. (बोलणी चालली असताना माझे सगळे लक्ष साडूंच्या नव्या कोटाकडे होते.) त्याने माशी, चिकटा, काजळी असे सगळे सासऱ्यांना समजावून सांगितले. त्याच्या वडिलांनी बोक्याला खाली उतरवले, टोपी काढून पाहिली आणि पत्रावळ पुन्हा पुढे ओढली.

“चला,” ते म्हणाले, “माह्या टोपीले तं आता कीड लागत नाई.”

सुपारी तिथेच फुटली. कुसुमने वरण वाढले ते पहिल्यांदा मला, आणि जरा जास्तच.

लग्नानंतर सासऱ्यांनी नव्या जावयाला दोन्ही बागा दाखवल्या. तो झाडापाशी थांबून काही सांगे, सासरे हात जोडून ऐकत, आणि साडू व मी मागून एका चालीने चालत होतो. ‘आमचे शिकलेले जावई’ असे सासरे सगळ्यांना सांगत होते, पण बोट माझ्याकडे नव्हते. तोवर माझा जीव जाळायला एकच साडू होता; दुसरा मी भर पंगतीत, स्वतःच्या हाताने साबण फवारून मिळवला.