वापरात असलेलं गॅरेज

"थांब, टाकू दे त्याला," म्हणत काका हाताचा पंजा उभा करायचे. 'तो' म्हणजे रेडिओवरच्या बेसबॉल मॅचमधला पिचर. त्याने टाकलेल्या बॉलचं काय झालं हे कळेपर्यंत समोरच्याने गप्प उभं राहायचं. मग तो पार्सल घेऊन आलेला माणूस असो, मी असो, नाहीतर कॅलिफोर्नियाहून फोन करणारी त्यांची मुलगी असो.

प्लेनोमध्ये आमची घरं समोरासमोर. मी घरून काम करते, त्यामुळे खिडकीतून त्यांचं गॅरेज मला दिवसभर दिसायचं. टेक्ससचा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. इतरांना एवढंच सांगते की दुपारी स्टिअरिंग धरायला आम्हाला रुमाल लागतो. अशा उन्हात हा पंचाहत्तरी ओलांडलेला रिटायर्ड इंजिनिअर घरातला एसी सोडून, गॅरेजचं दार सताड उघडून बसायचा. घडीची खुर्ची, भलामोठा पंखा, बर्फात ठेवलेलं पन्हं आणि मांडीवर भाजलेल्या शेंगा. टरफलं खुशाल खाली टाकायची.

"तुझ्या काकूने चाळीस वर्षं टाकू दिली नाहीत," ते म्हणायचे. "ती गेल्यावर एवढी एकच चैन सुरू केलीय."

गॅरेज रिकामं होतं, कारण त्यांचे डोळे. नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते मान वळवून भलतीकडे बघायचे. तसं केलं की मी दिसायचे. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करा म्हटल्यावर त्यांनी त्याच आठवड्यात गाडी विकून टाकली. मी हळहळले, तर म्हणाले, "गाडी गेली, जागा थोडीच गेलीय!" आणि तिथे खुर्ची मांडली. टीव्हीवरचा बॉल दिसेना, म्हणून मग रेडिओ.

मंडळाच्या गणपतीत एकाने त्यांना छेडलं, "काका, आपलं क्रिकेट सोडून हे काय ऐकत बसता?"

"क्रिकेट मला वडिलांनी दिलं," काका म्हणाले. "हे मी माझं मिळवलंय."

मिळवलं म्हणजे कसं, ते मला नंतर एकदा सांगितलं. पहिली नोकरी कुठल्याशा लहान गावातल्या कारखान्यात. जेवणाच्या सुट्टीत सगळे फक्त बेसबॉलवर बोलायचे आणि ह्यांच्याशी कोणीच बोलायचं नाही. ह्यांनी एक जुना रेडिओ घेतला आणि उन्हाळाभर न कळणाऱ्या मॅचेस ऐकल्या. पानगळ सुरू झाली तेव्हा त्याच टेबलावर बसून ते पिचरवरून भांडत होते. "इंग्रजी मी शाळेत शिकलो, पण भांडायला रेडिओने शिकवलं."

ते शिक्षण किती पक्कं होतं ते आमच्या कॉलनीच्या असोसिएशनने पाहिलं. गॅरेजचं दार उघडं असतं, कॉलनी वाईट दिसते, अशी कोणीतरी तक्रार केली. मीटिंगला मीच त्यांना घेऊन गेले. अध्यक्षबाईंनी नियम वाचून दाखवला: वापरात नसताना गॅरेजचं दार बंद ठेवावं.

"बरोबर," काका उठून म्हणाले. "पण माझं वापरात आहे. मी आत बसलेलो असतो. तुमच्या गाड्या गॅरेजमध्ये नुसत्या झोपतात. वापर कोण जास्त करतंय?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत, पण तक्रार तिथेच संपली. परत येताना काका गाडीत गुणगुणत होते.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर काकांची मान छातीवर पडली होती आणि शेंगा जमिनीवर सांडल्या होत्या. मी धावत गेले. अंग तापलेलं, ओठ कोरडे. ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी डोळे उघडले आणि मला मराठीत बजावलं, "दार लावू नकोस. मी येतोय परत."

उन्हाने अंगातलं पाणी गेलं होतं, तेवढंच निघालं. ते खरंच परत आले, पण त्यांच्यापाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून मुलगीही आली.

"बाबा, मी एक जागा बघितलीय. असिस्टेड लिव्हिंग," ती म्हणाली. "नर्स आहे, एसी आहे, संध्याकाळी बिंगो असतो, आपल्या हाउझीसारखा."

"बिंगो?" काका माझ्याकडे वळले. "ऐकलंस? मला बिंगो!"

"बाबा, आय ॲम सीरियस. यू कान्ट लिव्ह अलोन."

"मी आजारी नाही. आंधळा झालो तरी माझ्या घरात आंधळा होईन."

"आणि परत पडलात तर? समोरून ह्यांनी खिडकीतून बघितलं नसतं तर?" तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "रोज तुम्ही फोन उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, बाबा."

काकांनी हळूच मान वळवली, भिंतीकडे. परक्या माणसाला वाटलं असतं, तोंड फिरवलं. मला माहीत होतं, ते तिला बघत होते. बराच वेळ बघत राहिले.

"तू घाबरतेस म्हणून येईन," शेवटी ते म्हणाले. "मी घाबरलो म्हणून नाही. तुझ्या जवळपास वेगळं घर, माझी वेगळी किल्ली. बिंगो नाही. आणि सीझन संपल्यावर."

"पण तुमची टीम लास्ट आहे! ते हरणारच आहेत."

"हरू देत. मी मधून उठणार नाही."

सप्टेंबरअखेरपर्यंत ते त्याच गॅरेजमध्ये बसले. टीम जवळजवळ रोज हरली. ते रोज पिचरला शिव्या देत, मुलीच्या धाकाने पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत, शेवटच्या बॉलपर्यंत ऐकत राहिले.

पुढे सांता क्लारात ते आणखी काही उन्हाळे राहिले, स्वतःच्या किल्लीच्या घरात, आणि तिथेच गेले. मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आला तो त्यांना निरोप दिला तो दिवस.

एअरपोर्टवर मुलीने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती घेऊन एक कर्मचारी आला आणि अदबीने म्हणाला, "सर, प्लीज, बसा." काकांनी खुर्ची हातांनी नीट चाचपली, आपली जडशीळ बॅग उचलून तिच्यावर ठेवली, वर पट्टाही बांधला. मग मुठी धरल्या आणि खुर्ची ढकलत ताठ मानेने निघाले. बॅग ऐटीत बसली होती, कर्मचारी "सर, सर" करत बाजूने पळत होता, आणि पुढची माणसं वाट करून देत होती.