एका भिंतीची दोन दुकानं

मुलगा कॉलेजला लागला आणि त्याच वर्षी तिनंही पदवीला नाव घातलं. वर्गातली पोरं पहिल्या दिवसापासून तिला काकू म्हणू लागली. शेवटच्या वर्षी इंटर्नशिप सक्तीची होती. तिच्या वाट्याला बाजाररस्त्याची उजवी बाजू आली. जुन्या दुकानांची माहिती काढायची, मालकांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि कॉम्प्युटरवरच्या नकाशात एकेका दुकानाचा ठिपका टाकायचा. ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो, चार ओळींचा इतिहास आणि मालकाचा आवाज.

सकाळी सासऱ्यांचं औषधपाणी, डबे, मग तास, मग हा रस्ता. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडत.

चष्म्यांच्या दुकानापाशी गाडी अडली. मधे भिंत घालून एका दुकानाची दोन झाली होती. अलीकडे थोरला भाऊ, पलीकडे धाकटा, आणि बोलणं बंद. दोन्ही पाट्यांवर ‘मूळ दुकान’. नकाशात मात्र एका घरक्रमांकाला एकच ठिपका बसे.

"मूळ दुकान हेच," थोरला म्हणाला. "शेजारच्याचं नाव येणार असेल तर माझं काढून टाका."

धाकट्यानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नेमकं तेच सांगितलं.

ती इकडून तिकडे हेलपाटे घालत राहिली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "एकाचं घ्या आणि मोकळ्या व्हा. मार्क ठिपक्यांना आहेत." मोकळं व्हायला तिला तरी कुठे नको होतं.

रविवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती दोघांची रेकॉर्डिंग ऐकत होती. बोललेलं लिहून काढणाऱ्या प्रोग्रामनं ‘आई काच घासायची’चं ‘आई काका घासायची’ केलं होतं. ती एकटीच हसली. पण चुका सुधारायच्या म्हणजे तेच ते पुन्हा ऐकणं आलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की वडील दोघांच्याही बोलण्यात सदा फिरतीवर. दुकानात आई. काच घासायच्या यंत्रावर बसलेली, बोटं कापून घेणारी, गिऱ्हाईक सांभाळणारी.

दुसऱ्या दिवशी तिनं आईंचा फोटो मागितला. थोरल्याकडे नव्हता. धाकट्यानं कपाटाच्या तळातून एक काढला. अर्धा चेहरा यंत्राआड.

"माझ्याकडून घेतला म्हणून त्याला सांगू नका."

ठिपक्याला तो फोटो लावून खाली तिनं लिहिलं: हे दुकान आईनं उभं केलं, पुढे दोन्ही मुलांनी चालवलं. खाली दोघांचे आवाज. मग मोबाइल घेऊन ती थोरल्यापुढे उभी राहिली. भांडायचं त्राण नव्हतंच. काढा म्हणाला असता तर तिनं काढून टाकलं असतं.

त्यानं चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"कुठून मिळाला?"

"मिळाला."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाला. धाकट्यानं मात्र आपली पाटी दिसत नाही म्हणून कुरकुर केली, पण काढा म्हणाला नाही. भावांचं बोलणं काही सुरू झालं नाही.

बाईंना काम पसंत पडलं. "डावी बाजू करणारा मुलगा सोडून गेलाय. तुम्ही घेता का?"

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

बाहेर येऊन ती बसथांब्याच्या बाकावर बसली. तिची बस आली, थांबली, गेली. पिशवी मांडीवर घेऊन ती बसूनच राहिली.